आधी चाकं टेकू द्या

दादाचा उजवा हात लुळा पडला तेव्हा आमच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मळ्यात केळीचे घड कापून वाहिले होते, त्यात मान आणि गुडघे दोन्ही कामातून गेलेले. आई कापूस वेचायला जायची, तो हंगाम संपला की घरीच. नशिराबादला हायवेला लागून दादाचं पत्र्याचं गॅरेज होतं. त्याच्यावर घर चालायचं आणि त्याच्यावरच मी जळगावला कॉलेजात शिकत होतो. दादाला अर्धांगाचा झटका आला आणि शटर खाली आलं. जागा भाड्याची होती. मालक म्हणाले, दिवाळीपर्यंत थांबतो, तोवर गॅरेज नीट चाललं तर ठीक, नाहीतर मला इथे ढाबा टाकायचाय. मी पुस्तकं दोरीने बांधून ठेवली. वहिनींनी ती गाठ सोडली, पुस्तकं परत फळीवर लावली आणि म्हणाल्या, "तुम्ही कॉलेजात जा भाऊजी. शटर मी उघडते."

त्या माझ्या वहिनी मागच्या महिन्यात गेल्या. मी धुळ्यात कॉलेजात शिकवतो. तास संपवून बाहेर आलो तर दादाचा फोन. दादा फोनवर कधी हळू बोलत नाही, त्या दिवशी हळू बोलला. "तुझी वहिनी चहा ठेवून जरा टेकली रे भिंतीला... उठलीच नाही." दहाव्याला आलेला जो तो म्हणत होता, फार सोशिक बाई होती. मला ते पटलं नाही. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, आणि ती पदवी ज्या बाईमुळे मिळाली ती सोशिक नव्हती, हट्टी होती. ते नीट सांगावं म्हणून हे लिहितो आहे.

वहिनींचं माहेर सोनगीरकडचं. लग्नाआधी त्यांनी हातात पाना धरलेला नव्हता. दादा गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसून सांगायचा आणि त्या पदर खोचून गाडीखाली शिरायच्या. दिवसभर दोघांची जुंपलेली असायची. "अगं, पाना उलटा धरलायस!" "तुमचा हात उलटा पडलाय, म्हणून तुम्हाला सगळंच उलटं दिसतं." हे ऐकून दादा हसायचा. झटक्यानंतर तो पहिल्यांदा हसला तो अशाच एका टोमण्यावर.

इंजिनाची कामं तेव्हा त्यांना झेपणारी नव्हती. म्हणून त्यांनी एकच काम धरलं, गाडीच्या पुढच्या चाकांतून येणारा खटखट आवाज. आमच्या हायवेवर त्या कामाला तोटा नव्हता. गिऱ्हाईक आलं की त्या आधी गाडी उघडायच्याच नाहीत. "जिथे वाजते तिथे घेऊन चला," म्हणायच्या. पुढच्या सीटवर बसायच्या, चपला काढून मांडीवर घ्यायच्या आणि दोन्ही तळवे गाडीच्या पत्र्यावर सपाट टेकवायच्या. आवाज कानाला फसवतो, डावीकडचा उजवीकडे ऐकू येतो. पायाला बसलेला ठोका मात्र बाजू सांगतो, असं त्यांचं म्हणणं. मग बारीक खड्ड्यांवरून गाडी न्यायला सांगायच्या, मग ब्रेक दाबायला, मग उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवायला. बारीक खड्ड्यांत टकटक झाली तर आधी लिंक रॉड, म्हणजे चाकाजवळची बारीक जोडदांडी, बघायची. ब्रेकला एकच धप्प ठोका आला तर आर्मचा बुश, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी हातातला रबराचा गोळा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कटकट आली तर शॉकअपच्या वरची बैठक. एवढं झाल्यावर गाडी जॅकवर जायची आणि पहार लावून एकेक सांधा हलवून बघितला जायचा. बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो गोल सांधा, खिळखिळा निघाला तर चावी परत मिळायची नाही. एकदा एका नवरदेवाचा मामा चिडला, "अहो बाई, वऱ्हाड खोळंबलंय!" वहिनी म्हणाल्या, "चाक निखळलं तर कायमचं खोळंबेल. दुसरी गाडी बोलवा." चावी त्यांनी कनवटीला लावली ती लावलीच.

दिवाळीला तीन-चार महिने उरले होते तेव्हा सोनगीरचे एक नाना त्यांची प्रवासी गाडी घेऊन आले. जळगाव-धुळे त्यांची रोजची फेरी आणि स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर त्यांच्या शब्दावर चालणारे. नाना खूश झाले तर अख्खं स्टँड आपल्याकडे येईल, नाहीतर मालकांचा ढाबा उभा राहील, हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं. ब्रेकला ठोका होता. वहिनींनी दोन्ही बाजूंचे बुश बदलले, गाडी गप्प झाली. थोड्याच आठवड्यांत नाना परत दारात. "माहेरना माणूसले बी सोडं नही का वं? गाडी परत वाजी ऱ्हायनी!" वहिनींनी पुन्हा बुश घातले, या वेळी चांगल्यातला चांगला माल. तरी पुन्हा तेच. दादा म्हणाला, रस्ताच तसा आहे, कुणाचेही टिकत नाहीत. शेजारचे गॅरेजवालेही तेच म्हणाले.

वहिनींनी ते मान्य केलं नाही. काढलेले बुश त्यांनी रॉकेलने धुऊन ओट्यावर मांडले आणि दुपारभर त्यांच्यापुढे बसून राहिल्या. मी कॉलेजातून आलो तर मलाही बसवलं. "बघा भाऊजी, खड्ड्याने फाटले असते तर कसेही फाटले असते. हे बठ्ठे, सगळेच्या सगळे, एकाच बाजूला पिळून फाटलेत. यांना कुणीतरी पिळलंय." मग उठल्या, नानांच्या गाडीला जॅक लावला, चाक हवेत लोंबकळलं. वाकून आर्मकडे बघितलं. जॅक खाली सोडला, चाक टेकलं आणि आर्म वर सरकला. पुन्हा वर, पुन्हा खाली. "अहो," त्यांनी दादाला हाक मारली, "आपण नट आवळतो तेव्हा गाडी कुठे असते?"

"जॅकवर. आणखी कुठे असणार?"

"मग चाक लोंबकळत असतानाच बुश जखडला जातो. गाडी खाली आली की तो बिचारा पिळलेलाच राहतो. फडका पिळून तसाच ठेवला तर फाटेल की नाही?"

आमच्या पट्ट्यातलं प्रत्येक गॅरेज गाडी हवेत ठेवूनच नट आवळत होतं. दादाला काम शिकवणारे उस्तादही तसंच करायचे. दादा म्हणाला, "चाकं टेकल्यावर खाली शिरणार कशी? मांजर आहेस का?"

त्यासाठी खड्डा हवा, म्हणजे गाडी आपल्या चाकांवर उभी राहील आणि माणूस खालून काम करेल. वहिनी मालकांकडे गेल्या, मी सोबत होतो. मालक म्हणाले, "उद्या तुम्ही गेलात तर माझा खड्डा कोण बुजवणार?" वहिनी म्हणाल्या, "आम्ही जाणारच नाही." मालकांनी खड्डा करू दिला नाही. मग वहिनींनी भुसावळहून रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे जाड तुकडे मिळवले, प्रत्येक चाकाखाली एकेक सरकवला आणि गाडीचं ओझं चाकांवर ठेवून, पोटावर सरपटत आत जाऊन नव्या बुशच्या नटांना शेवटचा पीळ दिला. नाना चाळीसगावपर्यंत गाडी पळवून आले. दिवाळी गेली, बोंडं वेचून झाली, थंडी सरली. गाडी वाजली नाही. मालकांचा ढाबा दुसरीकडे झाला. स्टँडवरच्या गाड्या आमच्या दारात रांगेने लागल्या आणि नाना रांगेतल्यांना ऐकवायचे, "मना गावनी पोरगी शे, दमानं घ्या!"

गाडी वाजायला लागल्यावर ती दुरुस्त करण्यापेक्षा ती वाजूच नये, याच्या मागे वहिनी जास्त असायच्या. गतिरोधकावर ब्रेक दाबून चढायचं नाही, आधी वेग कमी करायचा आणि चाक मोकळं सोडून उतरायचं. टायरमध्ये हवा जास्त भरायची नाही. पावसाळ्याआधी सांध्यावरची रबरी टोपी फाटली आहे का ते बघायचं, कारण चिखल आत गेला की सांधा संपला. ड्रायव्हर वैतागायचे, "वहिनी, शाळा काढा आता." त्या म्हणायच्या, "काढली असती, पण तुम्ही पास कुठे व्हाल?"

पुढे मी पदवी घेतली, नोकरीला लागलो. बरीच वर्षं माझ्या आणि वहिनींच्या कमाईतून थोडं थोडं बाजूला पडत राहिलं आणि ज्या जागेवर खड्डा करू दिला नव्हता तीच जागा आम्ही विकत घेतली. वहिनींनी पहिल्याच दिवशी कुदळ मागितली. मी म्हटलं, "माणसं लावू की." "लावा," म्हणाल्या, "पण पहिला घाव माझा."

परवा गेलो तेव्हा गॅरेज उघडं होतं. त्यांनी शिकवलेली दोन माणसं आता काम बघतात आणि दादा दारात बसून ओरडत असतो. सिमेंटच्या त्या खड्ड्यावर एक गाडी आपल्या चारही चाकांवर उभी होती आणि खालून नट आवळल्याचा आवाज येत होता. जागा आमची आहे. गॅरेज चालू आहे. वहिनींनी ते बंद पडू दिलं नाही.