दुसऱ्या बाकावरची बदली

डहाणूच्या शाळेत मी आठवीची वर्गशिक्षिका होते तेव्हा दर सोमवारी मुलांच्या जागा बदलायचे. पाऊस सरत आला होता, तेव्हा दुसऱ्या बाकावर दोन मुली शेजारी आल्या. एक बोर्डीच्या चिकूवाडीवाल्यांची, दुसरी सायवनकडच्या आदिवासी पाड्यावरची, वसतिगृहात राहून शिकणारी. दोघींचं असं जमलं की पुढच्या सोमवारी त्याच माझ्याकडे आल्या. "बाई, अजून एक आठवडा इथेच बसू?" मी हो म्हटलं.

दोन दिवसांनी भर तासात शिपाई बोलवायला आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत वाडीवाले बसले होते, पुढ्यात चहा. मला कुणी बसा म्हटलं नाही.

"मॅडम, माझं तसं काही नाही हो," वाडीवाले म्हणाले. "आमच्याकडे कामाला सगळे तेच लोक आहेत. पण मुलगी घरी येऊन त्यांच्यासारखं बोलते. शिवाय डोक्यात उवा झाल्या."

"उवा माझ्याही मुलीला झाल्यात. शाळाभर झाल्यात," मी म्हटलं.

वाटलं, आता सर बोलतील. वर्गात कोण कुठे बसेल ते वर्गशिक्षक ठरवतात, एवढं एक वाक्य पुरलं असतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही दर सोमवारी जागा बदलता ना? मग या वेळी का नाही?"

"मुलींनी विचारलं म्हणून."

"म्हणजे नियम तुम्हीच मोडलात. साहेबांना सॉरी म्हणा, विषय संपवा."

मी सॉरी म्हटलं नाही. सोमवारी सगळ्यांच्याच जागा बदलतील, आज एकीलाच उठवणार नाही, असं सांगितलं. तेव्हा सर स्वतः उठले आणि माझ्या वर्गात गेले. मी मागोमाग.

"बाळ, तू मागे बस," ते पाड्यावरच्या मुलीला अगदी गोड आवाजात म्हणाले. "इथून फळा चमकतो, तुला दिसत नसेल."

"दिसतो, सर."

"तरी बस."

तिने दप्तर उचललं. वाडीवाल्यांच्या मुलीने बाकावर डोकं टेकलं, ते तास संपेपर्यंत वर केलं नाही.

नंतर व्हरांड्यात सर हळूच म्हणाले, "तुमचंच बरोबर होतं, मॅडम. पण त्यांनी शाळेला पाण्याचं मशीन दिलंय. समजून घ्या."

मला तळासरीतली माझी पहिली नोकरी आठवली. तिथे एक पालक माझ्यावर ओरडत आत शिरले होते, त्यांच्या मुलाला मी वर्गाबाहेर उभं केलं म्हणून. तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी आधी स्वतःच्या शेजारी खुर्ची ओढून मला बसवलं. मग म्हणाल्या, "आता बोला. सगळं ऐकते. पण माझ्या शिक्षिकेशी आवाज चढवून नाही." त्यांनी खरंच सगळं ऐकलं. पालक गेल्यावर दार लावून मला मात्र असं झापलं की पुन्हा मी कधी कुठल्या मुलाला बाहेर काढलं नाही. डहाणूत सगळं उलटं होतं. झापणं चारचौघांत आणि शाबासकी व्हरांड्यात, कुजबुजून. स्टाफरूममध्येही दोघीतिघींनी पाठीवर हात ठेवला. सरांच्या खोलीपर्यंत कुणी आलं नाही.

शनिवारी त्या मुलीची आई आली. वर्गाबाहेर चपला काढून उभी राहिली.

"बाई, पोरीला मागं बसवली. तिचा काय चुकला का?"

"तिचं काही चुकलं नाही. शाळेचं चुकलं. तुम्ही सरांना विचारा, मी येते सोबत."

तिने त्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "नको. सायबाला कशाला तरास," म्हणाली आणि लेकीचं डोकं कुरवाळून एसटी गाठायला निघून गेली.

मी तिला काय सांगितलं ते सरांपर्यंत पोचलं. "तुमच्यावर कामाचा लोड फार आहे," असं म्हणून त्यांनी माझ्याकडचं वर्गशिक्षकपद काढून घेतलं. दिवाळीनंतर ती मुलगी परत आली नाही. आईबापांनी तिला तळासरीकडच्या आश्रमशाळेत घातलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारण लिहिलं होतं: पालकांची इच्छा. त्या आईला तिची इच्छा या शाळेत कुणी विचारल्याचं मला तरी माहीत नाही.

वाडीवाल्यांची मुलगी आता नववीत आहे. परवा जिन्यात तिने मला थांबवलं.

"बाई, ती माझ्यामुळे गेली का?"

"नाही गं. मोठ्या माणसांमुळे गेली."

"कोणत्या? बाबा म्हणतात, सरांनीच तिला उठवलं. मी सरांना विचारलं, तर ते म्हणाले, तुझ्या बाबांना विचार."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.