रिमपट्टीखाली

ती पट्टी मी चिकटवली तेव्हा अंगणात दुसरं कुणी नव्हतं. त्यानंतरही या गोष्टीत दुसरं कुणी आलेलं नाही. आई नाही, मैत्रीण नाही, आणि जिला सांगायला हवं होतं ती तर नाहीच. आज तुम्हाला सांगते आहे. का, ते मलाही नीट माहीत नाही.

प्रणाली माझ्याहून थोडी मोठी. कोरपन्याजवळच्या गावातली, घरची कपाशी. मी सिमेंट कारखान्याच्या कॉलनीतली, इंग्रजी शाळेतली, नाव पुकारलं तरच बोलणारी. गावामागे चुनखडीची बंद पडलेली खाण आहे. तिथे ती ट्रायल्सची सायकल चालवायची. त्या सायकलला सीट नसते. पाय जमिनीला न लावता दगडावरून दगडावर जायचं — बहुतेक वेळ नुसत्या मागच्या चाकावर उभं राहून, उड्या मारत. मी कडेला बसून बघायचे. उभ्या दगडाच्या टोकावर ती थांबायची आणि हलायची नाही. बाकीची पोरं ओरडायची, ती हसायचीसुद्धा नाही.

तिचं मागचं चाक जुनं झालं होतं. कितीही आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला तरी दोन दिवसांत पुन्हा डोलायला लागायचं. नागपूरची स्पर्धा जवळ आली होती. एक दिवस ती सरळ माझ्यापाशी आली आणि मोबाइल पुढे केला.

"तू इंग्रजी शाळेतली हायेस ना? मंग वाच बाप्पा, काय म्हणते ते."

मजबूत मागचं चाक कसं निवडावं, कसं बांधावं, ते त्यात होतं. माझं इंग्रजी त्याआधी कुणाच्या कामी आलं होतं? मी वाचत गेले, सांगत गेले. रिम रुंद हवा. हलक्याच्या मागे लागायचं नाही, सगळं वजन मागेच आदळतं. मधला हब, ज्यात स्पोक अडकतात तो, जास्त भोकांचा. स्पोकच्या टोकाला बसणारे निपल पितळेचे. तिने एकदाही उलट विचारलं नाही. सामान मीच मागवलं. स्पोकची लांबी हवी होती — मी जुन्या चाकातला एक स्पोक काढून फूटपट्टीने मोजला आणि तेवढेच मागवले.

पार्सल वाटेत असताना ते लिखाण मी शेवटपर्यंत वाचलं. रिम बदलला की लांबी नव्याने काढावी लागते. नवा रिम रुंद असला तरी उंचीला जुन्यापेक्षा पातळ होता, म्हणजे स्पोक लांब लागणार होते. मी बोलले नाही. कदाचित जमेल, असं वाटलं होतं का मला? नाही. तसं वाटलं नव्हतं.

आमच्या क्वार्टरमागे आम्ही चाक बांधलं. सायकल उलटी ठेवली, फ्रेमला खडू धरला, चाक फिरवलं. जिथे खडू लागेल तिथला आऊट मी काढायचे. "येवढ्याशा तारा मले उचलतीन का वो, इंजिनेर बाई?" ती म्हणाली. मी हो म्हटलं. इंजिनेर बाई — ते मला आवडलं होतं.

ती माझ्या आईला चहाला मदत करायला आत गेली. मी रिमच्या आतून भोकांत पाहिलं. स्पोकचं टोक निपलच्या माथ्यापर्यंत यायला हवं. कुठेच आलं नव्हतं. सगळे जेमतेम दोन-तीन आट्यांवर धरून होते. ट्यूबला निपल टोचू नयेत म्हणून लावतात ती रिमपट्टी मी उचलली आणि भोकांवरून गोल चिकटवली. ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा चाक सुंदर दिसत होतं.

खाणीत पहिल्याच मोठ्या दगडावरून तिने उडी घेतली. बरोबर घेतली, मी पाहत होते. चाक टेकलं, कडकड आवाज झाला आणि चाकाचा आठ झाला. ती हातावर पडली. मनगट दोन ठिकाणी मोडलं.

पोरांनी तिला गाडीत बसवलं. चाक माझ्याकडे दिलं. पट्टी सुटून लोंबत होती. निपलचे उडालेले माथे रिमच्या आत खुळखुळत होते. गाडी निघण्याआधी तिने मला खिडकीशी बोलावलं. चेहरा पांढरा पडला होता.

"माह्यंच वजन मागं जास्त गेलं वो. तुह्यं चाक चांगलं होतं. पाह्य, खराब केलं मी. रागावू नको."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं — असू दे. होतं असं.

मी तिला माफ केलं.

चाक मी भंगारवाल्याला दिलं. तिचा हात बरा झाला, पण दगडाच्या टोकावर गेली की ती लगेच पाय टेकवायची. आपला तोलच खोटा, असं तिने ठरवून टाकलं. थोड्या महिन्यांनी सायकल विकली. आता ती कोरपन्याला कापडाच्या दुकानात असते. नागपूरला कधी गेलीच नाही.

मागच्या महिन्यात मी ओढणी घ्यायला तिथे गेले. तिने शेजारच्या मुलीला हाक मारली, मला पुढे केलं. "हे पाह्य, हेच ते इंजिनेर बाई. यायनं माह्यासाठी येवढं मस्त चाक बनवलं होतं, आन् म्या एका उडीत मोडलं." दोघी हसल्या.

मीही हसले. ओढणी घेतली आणि घरी आले.