ऑटर्सबी टाउनचा मराठी इतिहासकार

कर्णिकवहिनींचा फोन आला तेव्हा मी मरीन परेडच्या बसस्टॉपवर उभा होतो. "भावजी, हे गेले," त्या म्हणाल्या. दर रविवारी सकाळी कर्णिक आणि मी हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, कॉफीला भेटायचो, त्यामुळे मी आपलं म्हटलं, "बरं बरं, मीही निघालोच, त्याला जागा धरायला सांगा." वहिनींनी तेच दोन शब्द पुन्हा, सावकाश म्हटले. इतका बावळटपणा मी जन्मात केला नसेल. आता महिना उलटून गेलाय, पण हा किस्सा कर्णिकला सांगायचा राहिला याचीच चुटपुट जास्त आहे. टेबलावर हात आपटून हसला असता लेकाचा.

विनायक कर्णिक मरीन इंजिनियर. बोटीवरून उतरून हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत लागला, हौगांगला फ्लॅट घेतला, मायदेशाचा पासपोर्ट सोडून इथला नागरिक झाला. मनाने मात्र तो राहायचा ऑटर्सबीत. हे इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं एक चिमुकलं बंदर. तरुणपणी त्याची बोट तिथे दुरुस्तीला अडकली, वेळ जाईना म्हणून हा गावच्या फुटबॉल क्लबची मॅच बघायला गेला. ऑटर्सबी टाउनने पाच गोल खाल्ले आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. "साने, हरलेल्या पोरांना टाळ्या! आपल्याकडे घरी गेल्यावर जेवण मिळालं नसतं," असं तो मला म्हणाला होता. झालं, तिथेच हा गडी कामातून गेला. टीव्हीवर दिसतात ते इंग्लिश क्लब वरच्या मजल्यांवर राहतात असं समजा; ऑटर्सबी टाउन जिन्याखाली, चपला काढतात तिथे.

या क्लबचा साद्यंत इतिहास मराठीत सांगायचा त्याने विडाच उचलला होता. क्लब काढला मासळीच्या कारखान्यातल्या कामगारांनी. शर्टाच्या रंगावरून पहिल्याच बैठकीत इतकी जुंपली की शेवटी अर्धा शर्ट एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. मैदान समुद्राकडे उतरतं, त्यामुळे चेंडू आणायला होडी ठेवलेली. एका वादळात प्रेक्षकांच्या स्टँडचं छप्पर उडालं ते थेट शेजारच्या गावात, आणि त्या गावच्या क्लबने ते परत द्यायला साफ नकार दिला... याच्या पुढे मी कधी पोचलो नाही. कुणीच पोचलं नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणीतरी एकदा ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती. पण त्याने घसा खाकरला की लोकांना एकदम घरी जायची एमआरटी ट्रेन आठवायची, आणि घरी वहिनी मिक्सर लावायच्या.

त्यात त्याचा मराठीचा हट्ट. 'रेलिगेशन' म्हणायचं नाही, 'पदावनती' म्हणायचं. एकदा क्लब खालच्या लीगमध्ये घसरला, आणि इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला हा पडेल चेहऱ्याने सगळ्यांना सांगत सुटला, "आमची पदावनती झाली हो." मंडळात निम्मे बँकवाले. हार्बरफ्रंटला कर्णिकला खाली ढकललं, अशी बातमी चकल्या संपायच्या आत पसरली. एकाने त्याचा सीव्ही मागितला, दुसऱ्याने ओळखीच्या वकिलाचा नंबर दिला. कर्णिक मनापासून म्हणाला, "वकील काय करणार? आमचा बचावच कच्चा होता." त्यावर तर बायकांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

शोकसभा मंडळाने ठेवली. प्रत्येकी पाच मिनिटं, असं अध्यक्षांनी बजावलं होतं. दोघांनी 'मनमिळाऊ' म्हणून झालं, तिसरा उठणार तोच वहिनी उभ्या राहिल्या. "यांचे गुण नका सांगू, ते मला ठाऊक आहेत. मी ऑटर्सबीचा इतिहास सांगते."

आणि बाईंनी मासळीच्या कारखान्यापासून सुरुवात केली. हातात कागद नाही. होडी झाली, छप्पर झालं, आणि मी आयुष्यात प्रथमच छपराच्या पुढे गेलो. ते सोडवून आणायला ऑटर्सबीचा अख्खा संघ ट्रक घेऊन गेला होता, तिथे छपरासाठी पैजेची मॅच लावली, हरला, आणि उरलेले चार खांबही देऊन आला. लोक हसू दाबत होते. शोकसभेतून मध्येच उठता येत नाही; कर्णिकला आधी सुचलं असतं तर त्याने दर महिन्याला एक भरवली असती. अध्यक्ष घड्याळ बघत होते. त्यांची लेक ऋता हळूच इथल्या 'लाह'वाल्या इंग्रजीत म्हणाली, "ममा, दे आर टायर्ड लाह." वहिनींनी तिच्याकडे पाहिलंही नाही. दोन महायुद्धं, तीन पदावनती, सगळं क्रमाने, कर्णिक जिथे थांबायचा तिथे थांबत... अरे, या माणसाला आयुष्यभर श्रोता होता, आणि बिचाऱ्याला पत्ताच नव्हता!

त्या खाली बसल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही कुणाला कळेना. मग मागून एका तरुण बँकवाल्याने चाचरत विचारलं, "काकू, आता काय परिस्थिती आहे?"

"शेवटून दुसरे आहोत," वहिनी पदराने चष्मा पुसत म्हणाल्या. "पण शनिवारी आपली मॅच घरच्या मैदानावर आहे."