व्याह्याच्या हातातला दोर

घोडीचा दोर धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला पहिल्यांदा घोडीजवळ उभं केलं तेव्हा सगळ्यात आधी हे सांगितलं. बाकीचं नंतर.

आमच्या सासरचं घर धावड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. मेंढरांमागे फिरणारं घराणं. मेंढरं कमी होत गेली, शेती आली, माझा नवरा तर नवीन जालन्यात आडत दुकानात कामाला लागला. पण ज्या घोड्यांवर पूर्वी बिऱ्हाड लादायचे, त्यांच्या वंशातल्या दोन घोड्या अजून दारात आहेत. दिवाळी झाली की घरचे सगळे डोंगरावरच्या देवाला जातात आणि तेही जुन्या वाटेने, घोड्या घेऊन. वरपर्यंत आता डांबरी रस्ता झालाय, पण ते कोण ऐकतंय.

मी शहागडकडची. गोदाकाठचं सपाट रान. आमच्याकडे उंच म्हणजे हायवेचा पूल. घोडी मी पाहिली होती ती नवरदेवाच्या बुडाखाली. पहिल्या वर्षी खोगिरावर बसल्या बसल्याच मला रडू फुटलं, आणि सासू पदर तोंडाला लावून हसत होत्या.

“चढाला आयाळ धरायची, उताराला मागं रेलायचं,” मामा सांगायचे. “रिकिबीत पायाचा नुसता पंजा घालायचा. पडलीस तर पाय सुटला पाह्यजे. अवघड जागी वरडायचं बिलकुल न्हाई. अन् घोडी भेली तर दोर वढू नको, सोड. घोडी पळाली तर सांजंपर्यंत सापडती. मोडलेला हात तसा न्हाई सापडत.” साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, हे तर ते दर वर्षी नव्याने सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

त्या वर्षी माझे वडील आले होते. अण्णांची सारी हयात बैलांमागे गेलेली. सामान आणि सासूंना घेऊन नवरा मोटारसायकलवर डांबरी रस्त्याने पुढे गेला. आम्ही चौघे वाटेने निघालो. एका घोडीवर माझी लेक, नऊ वर्षांची, दुसरीवर मी. ओढा ओलांडल्यावर खरा चढ लागतो. तिथे लेकीच्या घोडीचा दोर तिच्या आबांच्या, म्हणजे मामांच्या हातात होता. अण्णांनी हात पुढे केला.

“आणा इकडं. इतकी बैलं हाकली, एक घोडी न्हाई धरता येत का?”

मामांनी दोर दिला. दुसरं काय करणार? व्याही घरी आला की त्याला नाही म्हणायचं नाही. पंगतीत त्याच्या आधी घास घ्यायचा नाही, आणि चारचौघांत त्याची चूक काढायची तर बातच सोडा. एका शब्दावरून वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले व्याही आमच्या नात्यात आहेत.

अण्णांनी दोर घेतला आणि पंजाला दोन वेढे दिले. कासरा असाच धरतात. बैलाला वेसण असते, ओढलं की तो थांबतो. घोडीला ओढलं की ती उलटी ओढते. हे मला एव्हाना माहीत होतं.

मामा सगळ्यात पुढे, त्यांच्यामागे अण्णा आणि लेकीची घोडी, शेवटी मी. वाट अरुंद होत गेली. डावीकडे कडा, उजवीकडे उतार, आणि पुढे पुढे तर उतारही नाही, नुसती झाडांची टोकं. मी घोडीवर बसून माझ्या बापाच्या मुठीकडे बघत होते.

वरच्या अंगाला कुणाचं तरी शेत होतं आणि त्यात रानडुकरं हाकलायला भोंगा लावलेला. कुत्र्यांचं भुंकणं आणि एका माणसाचं हाड हाड, आपोआप थोड्या थोड्या वेळाने वाजणारं. मालक सकाळी बंद करायला विसरला असावा. ओढ्यापाशी तो बारीक ऐकू आला होता. मग जवळून. पुढच्या वळणाला आम्ही त्याच्या अगदी खाली येणार, हे मला कळत होतं. ओरडायची सोय नव्हती आणि पुढे जायला जागा नव्हती.

“अण्णा,” मी हळूच म्हणाले, “हाताचे वेढे काढा.”

“मला शिकवून राह्यली का? तू तुझी घोडी सांभाळ.”

मामांनी वळून पाहिलं. त्यांची नजर अण्णांच्या हातावर गेली, थांबली, आणि ते पुन्हा पुढे चालायला लागले.

भोंगा डोक्यावर वाजला. लेकीच्या घोडीने मान वर फेकली. अण्णांनी टाचा रोवून दोर ओढला. ती मागे सरकली. त्यांनी अजून जोर लावला, कारण पाठीवर नात होती आणि त्यांच्या हिशोबाने ते तिला वाचवत होते. घोडीचा मागचा पाय मुरमावरून घसरला. खडे खाली गेले, आणि ते जात असल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. माझी घोडीही वाटेत आडवी फिरली होती. मला देव वगैरे काही आठवला नाही. मी आयाळ धरून लेकीच्या पाठीकडे बघत होते.

मामा मागे आले. ओरडले नाहीत. खालच्या आवाजात, दात आवळून म्हणाले, “मूठ उघड रे गाढवा.”

व्याह्याला रे. अण्णांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांची मूठ उघडली. वेढे सुटताना दोराने तळव्याची साल नेली. घोडीला मान मोकळी मिळाली. तिने पाय रोवले, दोन ढांगांत वर आली आणि मामांजवळ जाऊन थरथरत उभी राहिली. लेक आयाळीत तोंड खुपसून होती. तिचे पाय रिकिबीतून सुटलेले होते.

मी कशी उतरले मला आठवत नाही. लेकीला खाली घेतलं आणि तिच्या हातापायांवरून हात फिरवत बसले. मामांनी अण्णांपुढे हात जोडले.

“इवाई, जीभ घसरली. माफी करा.”

“घसरली ते बरं झालं,” अण्णा म्हणाले. ते रक्ताळलेल्या तळव्याकडे बघत होते.

“वढ्यालाच दिसलं व्हतं मला. पर इवायाला सांगावं कसं, म्हून गप राह्यलो.”

तेव्हा माझं डोकं फिरलं. दोघांनाही मी नको नको ते बोलले. तुमचा मान घेऊन बसा इथंच, माझं लेकरू गेलं असतं, असं काय काय. दोघं म्हातारे खाली मान घालून ऐकत होते. लेकीने माझा पदर ओढला.

“आई, मला पण दिसलं होतं. आबांनी शिकवलंय मला, गुंडाळायचं नाही म्हणून.”

“मग बोलली का नाहीस?”

“आजोबांना राग आला असता ना.” ती मला समजावत असल्यासारखी बोलली. “मोठ्यांना असं सांगायचं नसतं.”

मी तिचा दंड धरला होता, तो सोडला. दरीकडे सरकणाऱ्या घोडीचे पाय मला अजून झोपेत दिसतात, पण मी दचकून उठते ती त्यांच्यामुळे नाही. ओढ्यापासून त्या वळणापर्यंत पोरीला सगळं कळत होतं, आणि ती वर शहाण्यासारखी बसून राहिली होती.