तेंदूच्या चार नळ्या

काकूंचा फोन आला तेव्हा मी गुलाबकाकांवर चिडलेलीच होते. कारणही तसंच होतं. एक साधा प्रश्न विचारून मला दीड वर्ष झालं होतं आणि उत्तर म्हणून दर खेपेला दोनच शब्द हाती येत होते, "पाहून सांगतो." त्या सकाळी चरोद्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मी हातोडी-खिळा घेऊन भिंतीपुढे उभी राहिले होते, आता काकांची वाट पाहायची नाही, जे व्हायचं ते होवो, असं ठरवून. तेवढ्यात फोन वाजला. "सुजाता, तुये काका गेले वं," काकू म्हणाल्या. मग, "घाई नको करू. सावकाश ये..." हातोडी हातात तशीच धरून मी खाली बसले. ही श्रावणातली गोष्ट. आता पाऊस सरला, दसरा तोंडावर आला, तरी त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही, आणि तो कुणाला जाऊन सांगावा हेही कळत नाही.

गुलाबकाका म्हणजे गुलाबराव मेश्राम, आमच्या बाबूजींचे मित्र. बाबूजी रेल्वेत आणि काका पोलादाच्या प्लांटमध्ये, दोघंही नागपूरकडून पोटापाण्यासाठी या दुर्ग लाइनीवर आलेले. काका पॅटर्न शॉपमध्ये होते. लोखंडाच्या कारखान्यात सुतार काय करतो, हे मला लहानपणी पडलेलं मोठं कोडं होतं. त्यांनीच ते सोडवलं. लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी लाकडात हुबेहूब करायचा, ओल्या वाळूत दाबून त्याचा ठसा घ्यायचा आणि त्या ठशात वितळलेलं लोखंड सोडायचं. लाकूड वाळूतल्या ओलीनं केसभर जरी फुगलं तरी पुढचं सगळं काम वाया. म्हणून त्या लाकडाला चपड्याचे हात द्यायचे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे. "लाकडाले पाणी लागू द्याचं नाही," हे वाक्य काकांनी नोकरीभर ऐकलं आणि ऐकवलं. ते खरंच होतं, आणि त्याच वाक्यानं एका वर्षी आमच्या घरी अनर्थ केला.

बाबूजी क्लॅरिनेट वाजवायचे. विहाराच्या बँडमध्ये ट्रम्पेट, ढोल सगळे होते, पण चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत वळणावरून आधी ऐकू यायची ती बाबूजींची क्लॅरिनेट. काळी, चांदीच्या रंगाच्या चाव्यांची, कुण्या म्हाताऱ्या बँडवाल्याकडून आलेली. मी नववीत असताना, जयंतीच्या पंधरा दिवस आधी काका सेक्टर दहामधल्या त्यांच्या क्वार्टरवरून सायकलवर आमच्याकडे आले. बाबूजींचा सराव संपला होता आणि क्लॅरिनेटच्या तोंडातून टप टप पाणी गळत होतं. फुंकेची वाफ आत गार होऊन पाणी होते, यात विशेष काही नाही. पण काकांचा चेहरा असा झाला की जणू कुणी घरात नळ उघडा टाकून गेलंय. "बापा, लाकडात पाणी! हे तं फुगन ना! इतके दिवस कावून नाही सांगितलं मले?" बाबूजी हसले. मैत्रीत जे होतं तेच झालं. काका क्लॅरिनेट घेऊन गेले, आतली पूर्ण नळी साफ केली आणि काठीला बोळा बांधून तिला आतून चपड्याचे तीन हात दिले, प्लांटमध्ये द्यायचे अगदी तसेच, मन लावून. परत आणली तेव्हा ती आतून आरशासारखी चमकत होती आणि काकांचा चेहरा त्याहून जास्त.

पहिले दोन दिवस काही कळलं नाही. मग सूर दबायला लागले. लाखेला ऊब आणि ओल दोन्ही एकदम सोसत नाहीत. आतला चपडा पांढुरका पडून मऊ झाला, भोकांच्या कडांवर साचला आणि भोकं झाकणाऱ्या चाव्यांच्या गाद्या त्याला चिकटायला लागल्या. जयंतीच्या आदल्या दिवशी क्लॅरिनेटमधून नुसती हवा निघत होती. बाबूजींनी ती पुसून पेटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी निळ्या फेट्यात, पांढऱ्या शर्टात ते बँडच्या पहिल्या ओळीत उभे राहिले, क्लॅरिनेट ओठांना लावली आणि संपूर्ण मिरवणूकभर नुसती बोटं चालवली. लोकांना वाटलं ढोलाच्या आवाजात ऐकू येत नसेल. काकांना माहीत होतं. ते सगळा रस्ता बाबूजींच्या बाजूनं चालले, खाली मान घालून, आणि मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांना पाण्याचा ग्लाससुद्धा दिला नाही.

पुढचे दोन महिने ड्युटी सुटली की काका आमच्या वऱ्हांड्यात. स्पिरिटमध्ये भिजवलेला चिंधीचा बोळा आत फिरवायचा, पुसायचा, उजेडाकडे धरून एका डोळ्यानं पाहायचं, पुन्हा फिरवायचा. लाख लावायला एक दुपार लागली होती आणि काढायला आषाढ उजाडला. मी बाजूला बसून पाहायची, आधी रागानं आणि मग कुतूहलानं. लाख म्हणजे काय हे मला तिथंच कळलं. कुसुमाच्या झाडाच्या फांदीवर बारीक किडे बसतात आणि स्वतःभोवती लाखेचं घर बांधतात, ते घर आपण खरवडून आणतो. "म्हणजे काका, तुम्ही बाबूजींच्या क्लॅरिनेटमध्ये किड्यांची वसाहत बसवली," मी म्हटलं. ते पहिल्यांदा हसले. मग त्यांनी एक चावी उघडून मला आतली गादी दाखवली आणि ती कशानं चिकटवलीय ते विचारलं. लाखेनंच! क्लॅरिनेटमध्ये लाख आधीपासून होतीच, जिथं हवी तिथं, चिमूटभर. "मले हे पुसाले पायजे होतं तुया बाबूजीले," ते म्हणाले, "म्या पुसलंच नाही. मले वाटलं, मले येते." सूर परत आला तेव्हा बाबूजींनी एवढंच म्हटलं, "गुलाब, चहा घे." विषय संपला. निदान बाबूजींचा तरी संपला.

काकांचा नाही संपला. त्यानंतर त्या माणसानं कुणाच्याही प्रश्नाला तोंडी उत्तर दिलं नाही. निवृत्तीनंतर रिसालीला घर बांधलं, मागच्या शेडमध्ये छोटी लेथ बसवली, आणि आजूबाजूचे लोक लाकडाचे प्रश्न घेऊन यायला लागले. दरवाज्याचं वॉर्निश पावसाळ्यात चिकट कावून होते? टेबलावर चहाच्या कपाचा पांढरा गोल पडला तो जाईल का? राळ लावलेली चांगली की चपडा? काका ऐकून घ्यायचे, "पाहून सांगतो" म्हणायचे आणि लाकडाची वीतभर पट्टी कापायचे. तिला जे लावायचं ते लावून, मागे विचारणाऱ्याचं नाव आणि प्रश्न लिहून, शेडमधल्या तारेवर टांगायचे. कधी तिच्यावर गरम कप ठेवायचे, कधी अत्तर सांडायचे, कधी ती भर उन्हात छपरावर टाकायचे. महिन्या-दोन महिन्यांनी अंगठा दाबून पाहायचे आणि खाली लिहायचे, "चालते" किंवा "चालत नाही." तोपर्यंत विचारणाऱ्यानं दरवाजाच बदललेला असायचा. शेजारच्या पडोळेबाईंनी पाटाबद्दल विचारलं होतं, त्याचं उत्तर त्यांना मिळालं तेव्हा त्या पाटावर बसायच्या वयाच्या राहिल्या नव्हत्या, गुडघे गेले होते. काकूंची यावर एक म्हण होती. "याहीले पुसाचं म्हणजे आंब्याची कोय लावाची नं रस खाले ताट घेऊन बसाचं."

बाबूजी गेले त्याला आता तिसरं वर्ष. क्लॅरिनेट माझ्याकडे आली. लहानपणी बाबूजींनी मला थोडंफार शिकवलं होतं, चार-पाच धून मोडक्यातोडक्या यायच्या. पण मग कॉलेज, रेल्वेची नोकरी, संसार... सुटलं ते सुटलं. पेटीत ती क्लॅरिनेट पाहवत नव्हती, म्हणून मी ठरवलं की तिला मस्त पॉलिश करून काचेच्या पेटीत घालून बैठकीच्या भिंतीवर लावायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. काकांकडे गेले आणि विचारलं, "काका, आता ही कोणी वाजवणार नाही. नुसती ठेवायचीय. तडकू नये म्हणून लाकडाला काय लावू?" त्यांनी क्लॅरिनेट हातात घेतली, आत डोळा लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "कोनीच नाही वाजवनार?" मी म्हटलं, "कोण वाजवणार?" आणि मग ते दोन शब्द आले.

महिनाभरानं ते चरोद्याला आले, भर दुपारी. पाणीसुद्धा न पिता विचारलं, "कोन्त्या भितीवर टांगून राहिली?" मी दाखवली. त्यांनी भिंतीला तळहात लावला, दहा मिनिटं तसेच उभे. पश्चिमेची भिंत, तापलेली. "बरं," म्हणाले आणि लोकल पकडायला निघाले. मला वाटलं, वय झालं. पुढे त्यांना छातीचा त्रास सुरू झाला, जिना चढताना दम लागायचा, आणि फोनवर मी त्यांच्या तब्येतीची चौकशी करता करता शेवटी माझा प्रश्न सरकवायचीच. आता आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. शेवटचं बोलणं झालं तेव्हा ते म्हणाले होते, "पानी संपू दे बेटा. पानी संपलं का पक्कं सांगतो." म्हणजे आणखी एक पावसाळा थांबायचं. मी फोन ठेवल्यावर नवऱ्याला म्हटलं होतं की यांच्या उत्तरापर्यंत मीच भिंतीवर लागेन.

पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर बऱ्याच दिवसांनी, पाऊस उघडल्यावर, काकूंनी बोलावलं, शेड आवरायला. तारेवर पट्ट्याच पट्ट्या, अर्ध्या मोहल्ल्याची नावं. माझं नाव कुठे दिसेना. "तुयं इकडं हाय," म्हणत काकू मला घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या. पश्चिमेची भिंत. तिच्यावर, पत्र्याच्या वळचणीखाली, खिळ्यांना ओळीनं चार नळ्या टांगलेल्या, बोटभर लांब, काळ्याभोर, आरपार भोकाच्या. तेंदूच्या गाभ्याच्या. तेंदू म्हणजे विडीच्या पानाचं झाड एवढंच मला ठाऊक होतं. त्याचा आतला गाभा असा काळा असतो आणि तो वाद्याला चालतो हे काकांनीच कधीतरी सांगितलं होतं. "पान बिडीले, गाभा क्लारनेटले. दोघाईले फुक लागते." प्रत्येक नळीला कागद चिकटवलेला. पहिलीवर "चपडा, तीन हात." दुसरीवर "कोरी." तिसरीवर "जवसाचं तेल." चौथीवर "फुक, रोज सकाळी." खाली सगळ्यांना मिळून एकच ओळ, "सुजाताची क्लारनेट. पाणी संपल्यावर पाहणे."

पाणी संपलं होतं. मी पाहिलं. कोरी नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली होती, केसाएवढी रेघ. चपड्याची तर गंमतच, वरची चमक कायम आणि चमकीच्या खालून तीच रेघ. तेलाची बरी होती, पण धुळीनं अशी चिकट की बोट लावावंसं वाटेना. चौथी अखंड होती. गुळगुळीत, काळी, रोज हातात येणारी वस्तू असते तशी.

"काकू, ही फुक म्हणजे..."

"अवं, फुकतच होते ना रोज! चहाच्या आधी इथं येऊन बसाचे, पाच मिनिटं नळीत फुक मारत राहाचे, मंग आतून बोळा फिरवून टांगून द्याचे. मले वाटे, डाक्टरनं छातीचा व्यायाम सांगतला. जीव पुरत नाही नं हे काय करून राहिले, म्हनून एक दिवस डाक्टरलेच पुसलं. डाक्टर म्हने, म्या नाही सांगतलं बा काही." काकू हसल्या आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी तिथंच पायरीवर बसले. दवाखान्याच्या फेऱ्या चालू असताना, दोन वाक्यांमध्ये थांबावं लागत असताना, तो माणूस माझ्या प्रश्नाचं उत्तर रोज सकाळी आपल्या श्वासानं देत होता, आणि मी इकडे हातोडी शोधत होते. मला खूप रडू आलं. बाबूजी गेले तेव्हा आलं नव्हतं इतकं.

सावरल्यावर एक गोष्ट लक्षात आली. काका जाऊन दोन महिने होत आले होते. मग या नळीवर धूळ कशी नाही? बोळाही बाजूला वाळत घातलेला, ओलसर. मी काकूंकडे पाहिलं. त्या जरा लाजल्याच.

"मीच फुकून राहिली. पानी संपल्यावर पाहू म्हनत होते ना... मधातच खंड पडला असता तं त्याहीचं सारंच चुकलं असतं."

मी ती चौथी नळी मागितली. काकूंनी साफ नाही म्हटलं. बाकीच्या तिन्ही ने, म्हणाल्या, हे नाही भेटत. तुयापाशी तं अख्खी क्लारनेट हाय, ते फुक.

काचेच्या पेटीत आता लग्नाचा फोटो आहे. क्लॅरिनेट पेटीबाहेर असते, स्वयंपाकघराजवळच्या फळीवर, उन्हापासून लांब. फुंकायच्या तोंडाशी बसते ती पत्ती नवी, दुर्गहून आणली. पहिल्या सकाळी असा आवाज निघाला की शेजारचं कुत्रं उठून गेलं, पण ओठांना ओळख होती, चौथ्या दिवशी एक सूर धड लागला. एकदम नको, पाच-पाच मिनिटांनीच वाढव, असं काकूंनी बजावलंय, लाकूड बिचकते म्हणे. रोज सकाळी चहाच्या आधी त्यांचा फोन येतो. "फुकली?" मी म्हणते, "फुकली. तुम्ही?" त्या म्हणतात, "झालं, पुसून टांगली." परवा मी त्यांना म्हटलं की काकू, उत्तर तर मिळालं आता, पावसाळाही गेला, मग नळी अजून किती दिवस फुंकणार?

पलीकडे बोळा झटकल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "पाहून सांगतो."