बाजाराच्या दिवशी आलेला ताप

कापसातून सरकी काढायच्या जिनात कामाला लागल्यावर जिला ताप आला नाही ती बाई दारातूनच परत गेली असणार, असं अमळनेरच्या जुन्या जिनवाल्या म्हणत. दिवाळी उलटली, कपाशीच्या गाड्या आल्या, पट्टे फिरायला लागले की पहिल्याच संध्याकाळी नव्या बाया गोधडीत शिरून कुडकुडायच्या. सकाळी अंग गार. चार-पाच दिवस असं चालायचं, मग ताप यायचाच बंद व्हायचा. ज्या दिवशी बंद झाला त्या दिवशी शेजारची बाई गुळाचा खडा हातावर ठेवायची आणि म्हणायची, "आते तू जिनवाली." आता तू आमच्यातली.

झुंबरबाईने तो गूळ खाऊन अठरा हंगाम झाले होते. तिचं मशीन सतरा नंबरचं. काम सांगायला सोपं आहे. दोन्ही हातांत कापूस घ्यायचा, रोलरच्या तोंडाशी पसरायचा. पुढून रुई निघते, खाली सरकी पडते. पण पसरायचा तो सारखा. गोळा गेला तर रोलर अडतो, कमी गेला तर मुकादम अडवतो. मिनिटाला वीस-बावीस ओंजळी, आठ तास, उभ्यानं. सतरा नंबरचा आवाज दिवसभर एकाच सुरात चालायचा, आणि डोळे मिटूनही मुकादमाला कळायचं की तिथं झुंबरबाई उभी आहे.

अठरा वर्षांत तिने तापाचा हिशेब पक्का ओळखला होता. पावसाळाभर जीन बंद, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला ताप. बाजाराच्या दिवशी जीन बंद, म्हणून दुसऱ्या दिवशी छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं, एखादी कणकणही येते. चार-पाच दिवस घरी बसलं तर पूर्ण ताप पुन्हा भोगावा लागतो. म्हणजे उपाय एकच. खाडा करायचा नाही. माहेरच्या लग्नाला ती सकाळच्या बसने गेली, अक्षता टाकल्या आणि जेवण न करता परतली. नवरा वारला तेव्हा मात्र दहा दिवस बसावं लागलं. अकराव्या दिवशी ती कामावर गेली आणि संध्याकाळी गोधडीत रडली. लोकांना वाटलं, नवऱ्यासाठी. तेही होतंच.

अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात तिने भावाची मुलगी सून करून आणली. भाऊ आधार शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला राहायचा. पोरीला बसमध्ये बसवताना तो एवढंच म्हणाला, "अक्का, तुना पदरमा टाकी." पोरीचं नाव कुंदा. मुलगा अभिमन सुरतेला कापडाच्या मागावर कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. घरात आत्या आणि भाची, म्हणजेच सासू आणि सून.

भाऊबीज करून कुंदा माहेराहून आली आणि झुंबरबाईने तिला अठरा नंबरवर उभी केली. पहिल्या संध्याकाळी ताप आला. पाचव्या दिवशी आला नाही. शेजारच्या मशीनवरच्या पुष्पाबाईने गूळ दिला. सगळं रीतीप्रमाणे झालं.

पुढच्या आठवड्यात कुंदाचा पाय मुरगळला. दोन दिवस ती घरी बसली. तिसऱ्या दिवशी कामावर आली आणि भर दुपारी तिचे दात वाजायला लागले.

"आत्या, माले थंडी वाजी ऱ्हायनी."

"दोन दिन घर बठनी, म्हनीसन उना ताप. उभी ऱ्हाय. काम करशी ते उतरी जाई."

पुष्पाबाई पट्ट्याच्या आवाजात ओरडली, "नवी नवरीले सासूना ताप शे व, जिनना नही!" सगळी रांग हसली. कुंदाही हसली, पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

संध्याकाळपर्यंत तिला दरदरून घाम सुटला. दुसऱ्या दिवशी ती ठणठणीत. दिवसभर चांगलं काम केलं. "देखं?" झुंबरबाई म्हणाली.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी पुन्हा. या वेळी कुंदाचे हात इतके थरथरत होते की कपाशीचा गोळाच रोलरमध्ये गेला. झुंबरबाईने हात घालून तो काढला, आणि मग दोन तास तिने दोन्ही मशिनी चालवल्या. एक ओंजळ सतराला, एक अठराला. कुंदाला तिने मशीनला टेकवून उभी ठेवली. बसू दिलं नाही. बसली तर मुकादम घरी पाठवेल, घरी गेली तर खाडा, खाडा झाला तर ताप पुन्हा येईल. तिला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि अठरा वर्षांत दुसरं काही सुचण्याची गरजही पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कुंदा पुन्हा बरी. जेवण मात्र गेलं नाही.

त्यानंतर बाजाराचा दिवस आला. जीन बंद. झुंबरबाई अंगणात सरकीची पोती शिवत होती. दुपार झाली आणि आतून खाटेचा खडखड आवाज यायला लागला. ती उठून आत गेली. कुंदा दोन गोधड्या घेऊन पडली होती आणि खाट हलत होती.

झुंबरबाई दारातच थांबली.

"आज ते जीन बंद शे," ती म्हणाली. "मंग हाऊ ताप कोठून उना?"

झुंबरबाईने बोटं मोजली. परवा दुपारी. त्याच्या आधी एक दिवस सोडून दुपारी. आणि आज. जिनचा ताप संध्याकाळी येतो, कामावरून आल्यावर. बंदच्या दिवशी तो आला असं अठरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. हा ताप जिनचा नव्हताच. आणि या तापात तिने पोरीला दोन वेळा उभं ठेवलं होतं.

पिशवीत लुगडं टाकून ती आधी बाजारात गेली. मुकादम छगन वांगी निवडत होता.

"छगनभाऊ, उद्या आम्ही दोघी येणार नाही. पोरीला धुळ्याला नेते."

"दोन मशिनी? भर हंगामात?" छगनने वांगं परत टोपलीत टाकलं. "कशाला नेते?"

"ताप आहे."

"जिनचा असेल. कामावर आली की जाईल. तूच सांगते ना बठ्ठास्ले, सगळ्या बायांना?"

झुंबरबाईचे ते स्वतःचेच शब्द होते.

"मशिनी रिकाम्या ठेवता येणार नाहीत बरं," छगन म्हणाला. ओरडून नाही, सांगून.

"माहीत आहे," ती म्हणाली. घरून कुंदाला धरून आणलं आणि एसटी स्टँड गाठलं.

बसमध्ये कुंदाला घाम फुटला आणि नंतर ती मांडीवर अशी पडली की झुंबरबाई दर थांब्याला तिच्या नाकाशी बोट धरत होती.

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोटातून रक्त काढून काचेवर घेतलं. मलेरिया निघाला. गोळ्या सुरू झाल्या, इतक्या कडू की कुंदाने पहिली ओकून टाकली. पोटात डावीकडे सूज होती, रक्त कमी झालं होतं. "अजून आठवडाभर अशीच उभी केली असती तर कठीण होतं," बाई म्हणाल्या. "पण होईल बरी."

तिसऱ्या दिवशी दुपारी ताप आला नाही. तेव्हा कुठे झुंबरबाईने विचारलं, "बाई, ताप एक दिवसाआड का यायचा?"

"मलेरियाचे जंतू रक्तात लपून वाढतात आणि ठरल्या वेळी एकदम बाहेर फुटतात. त्या वेळी शरीर ताप काढतं. जंतू ताप आणत नाहीत, मावशी. ताप आपलं शरीर आणतं, जंतूंशी लढायला. तुमच्या कारखान्यात बॉयलर होता का कधी?"

"होता आधी."

"त्याच्यावर काटा असतो तसा डोक्यात एक असतो. शरीर तो काटा वर लावतं. अंग अजून तितकं तापलेलं नसतं, म्हणून थंडी वाजते. मग अंग थरथरतं. थरथरणं म्हणजे स्नायूंचं कामच. कामाने ऊब येते. काटा खाली लावला की घाम."

झुंबरबाईने कुंदाकडे पाहिलं. म्हणजे पोरीचं अंग आतून राबत होतं, आणि बाहेरून ती तिला राबवत होती.

"आणि जिनचा ताप?" तिने विचारलं. सगळं सांगितलं. गूळ, खाडा, छातीवरचा पाटा.

बाईंनी छातीला नळी लावली. पाठीला लावली. "कपाशीच्या धुळीत मेलेल्या जंतूंची टरफलं असतात," त्या म्हणाल्या. "शरीराला वाटतं चोर आला. ते आग पेटवतं. तुम्ही रोज गेलात की ते ओरडायचं सोडतं."

"म्हणजे बरं होतं ना?"

"ओरडायचं सोडतं. धूळ आत जातच असते. तुमचा श्वास आत्ताच आखडलाय, मावशी. जीन सोडता येईल?"

झुंबरबाईने कुंदाच्या पायावरची गोधडी नीट केली.

कुंदाला घरी आणून सहाव्या दिवशी ती जिनात गेली. सतरा आणि अठरावर डोंगराकडच्या दोन नव्या पोरी होत्या. छगनने तिला तीन नंबर दिला, कापूस जिथं ओततात त्याच्या शेजारचा, जिथं धुळीत समोरची बाई दिसत नाही. तिने पदर नाकावरून बांधला आणि आठ तास कापूस पसरला. आवाज एकाच सुरात राहिला.

संध्याकाळी तिला ताप भरला. कुंदा भिंतीला धरून उठली, दोन्ही गोधड्या तिच्यावर टाकल्या आणि पाय दाबत बसली.

"आत्या, सकाय जावू नको. मी बरी व्हयनी का मी जासू."

"तू नही. तुना बापले मी काय तोंड दाखाडू?" झुंबरबाईचे दात वाजत होते. "अभिमन उना का त्यानासंगे सुरत जाय. मी उद्या नही गई, परवा गई, ते परवा पुन्हा हाईच."

"आन् गई ते?"

"ते चार-पाच दिनमा येवाना नही."

पाचव्या सकाळी कुंदाने कपाळाला हात लावला. गार होतं. "रातले ताप उनाच नही, आत्या!" ती म्हणाली आणि डब्यातला गुळाचा खडा काढून पुढे केला.

झुंबरबाईने तो घेतला नाही. उठून बसली, छातीवर तळहात ठेवून दोन मोठे श्वास घेऊन पाहिले. आत काहीच दुखत नव्हतं, काही ओरडत नव्हतं. भोंगा झाला. गूळ कुंदाच्या तोंडात घालून तिने पदर नाकावर बांधला आणि निघाली.