चरकावरचा देव

माझे मालक वारल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी देवापुढे दिवा लावला, पण हात जोडले नाहीत. माझा स्वभाव मुळातच तापट, आणि देवाशी तर माझं उघड भांडण चाललं होतं. कळसाडीच्या आमच्या वावरात ऊस उभा होता. तो गाळून गूळ केला तर वावर माझ्या हातात राहणार होतं. नाही जमलं तर दीर ते कसायला घेणार आणि मी माहेरची वाट धरणार, असं घरात ठरून गेलं होतं. दीर वाईट माणूस नव्हता. बाईच्या हातून गुऱ्हाळ चालेल यावर त्याचा विश्वास नव्हता, एवढंच. खरं सांगायचं तर माझाही नव्हता.

ऊस पिळायचा आमचा चरक जुना, लोखंडी, बैलांनी फिरणारा. त्याच्या खांबावर एका बाजूला नारळाएवढा शेंदराचा गोळा होता. सासऱ्यांच्याही आधीपासून दर साली गुऱ्हाळ सुरू करताना तिथे तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, नारळ वाढवायचा, मगच बैल जुंपायचे. त्याला आम्ही चरकदेव म्हणायचो. त्या साली मीच शेंदूर लावला, आणि पहिल्याच दिवशी चरक बिघडला. रूळ आवळून धरणाऱ्या नटाचे आतले आटे पार झिजून सपाट झाले होते. पान्याने कितीही पिळा, तो जागच्या जागी फिरायचा. रूळ सैल पडले आणि ऊस जसाच्या तसा पलीकडून बाहेर येऊ लागला.

आमचा गुळव्या, म्हणजे कढईवर रस आटवून गूळ पाडणारा म्हातारा, चरकाच्या दुखण्यातलंही थोडंफार जाणायचा. त्याने आट्यांत तांब्याची तार गुंडाळली, मग तागाचा दोरा भरला. प्रत्येक वेळी दोनचार मोळ्या निघाल्या की नट पुन्हा सुटायचा. लढाईचे दिवस, लोखंडाची टंचाई, शहाद्याच्या बाजारात असा नट मिळेना. लोहाराने हात वर केले. तोडलेला ऊस उन्हात वाळत पडला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दीर आला, बघून गेला. जाताना म्हणाला, ‘‘वहिनी, आते ऱ्हाऊ दे. हाई बाईनं काम नही. ऊस मी मन्हा चरकवर लई जास, पन पुढला सालपाईन वावर मी करसू.’’

तो गेल्यावर मी चरकाजवळ बसून पदराने डोळे पुसत होते, तेवढ्यात वाटेवरून एक उंच माणूस आला. दिवाळीत अस्तंब्याच्या डोंगरावर जत्रा असते, तिथून लोक आमच्या वाटेने पायी परततात. त्यांतलाच असावा. कपाळाला चिंधी बांधलेली. म्हणाला, ‘‘माय वं, जरासं तेल दे. कपाय ठनकी ऱ्हायनं.’’

अस्तंब्याला अश्वत्थाम्याचं ठाणं. तो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, म्हणून त्या दिवसांत तेल मागणाऱ्याला आमच्याकडे कुणी परतवत नाही. खरं तर तेव्हा माझ्या मनात यातलं काहीच नव्हतं. चरकाला घालायची एरंडेलाची वाटी शेजारी होती आणि चरक तर बंदच पडला होता. वाटी मी त्याच्यापुढे सरकवली. त्याने कपाळाला तेल लावलं, तेलकट हात शेंदराच्या गोळ्यावरून फिरवला आणि म्हणाला, ‘‘देवनं आंगबी तडकेल शे, माय. त्यालेबी तेल लाव.’’

एवढं बोलून तो निघून गेला. मी पाहिलं, शेंदराला खरंच बारीक भेग गेली होती. राग गिळून उरलेलं एरंडेल मी त्या भेगेत सोडलं आणि चोळत बसले. ऊन कडक होतं. बघता बघता शेंदराचं कवच सुटलं आणि अख्खं माझ्या ओंजळीत आलं. देवाने खोळ टाकली! आत बोल्टाचं पुढे आलेलं टोक होतं. त्यावर एक नट घट्ट आवळलेला, आणि त्याच्यावर त्या झिजलेल्या नटाच्याच मापाचा दुसरा, जास्तीचा. इतक्या सालांच्या तेलाने आटे नव्यासारखे राहिले होते.

गुळव्या हात जोडून मागे सरला. ‘‘देवले पाना लावू नको वं माय!’’ मी पाना हातात घेऊन उभी होते. ज्याला आजवर नमस्कार केला त्याला पान्यात धरायचं कसं? मग मी मोठ्याने म्हणाले, ‘‘देवा, माझ्याने होत नाही. आता तूच ये.’’ वर्षभरात भांडण सोडून देवाशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य. वरचा नट सहज सुटला. तो झिजलेल्याच्या जागी चढवला, पिळला, आणि तो घट्ट बसला. बैल फिरले, रसाची धार लागली, तेव्हा मी लाज सोडून रडले.

पहिला गूळ निघाला तसा ढेकूळ घेऊन मी वाटेवर गेले. तो माणूस दिसला नाही. तो कोण होता ते मी ठरवत नाही. माझ्या दाराशी आला, त्यातच सगळं आलं. शेंदराची खोळ मी तापीत सोडली. गुळाची ढेप दिराकडे पाठवली, तेव्हा तो स्वतः आला आणि म्हणाला, ‘‘वावर तूच कर, वहिनी.’’

इतकी वर्षं मी देवाला जागेवर बसवून ठेवलं होतं आणि वर त्यालाच विचारत होते, माझ्यासाठी काय केलंस? त्या दिवसापासून मागणं थोडं झालं, सोपवणं वाढलं. वावर अजून मीच करते. गुऱ्हाळ लागलं की जुनी माणसं सवयीने खांबापाशी येतात, नुसता बोल्ट पाहून विचारतात, ‘‘खांबवरला देव कोठे गया वं?’’

मी म्हणते, ‘‘कामले लागेल शे.’’